नांगरावे की थांबावे? १७०९ च्या वसंताची गोष्ट

फ्रान्सचा राजा चौदावा लुई म्हटले की आपल्याला व्हर्सायचा राजवाडा आठवतो. त्या राजवाड्यात १७०९ च्या जानेवारीत अशी थंडी पडली की, शेकोटी पेटलेल्या दालनांतल्या कपाटांमध्येही कडक मद्याच्या बाटल्या गोठून फुटल्या. सँ-सिमाँ नावाच्या दरबारी उमरावाने आपल्या आठवणींत हे नोंदवले आहे. इतिहासाच्या पुस्तकांतून ही हकिकत चवीने सांगितली जाते. तिच्याच पुढे काही ओळींवर सँ-सिमाँने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे, ती मात्र क्वचितच कोणी सांगते. ती आहे शेतांची. गव्हाची शेते एप्रिलमध्येही काळीभोर दिसत असताना काही शेतकऱ्यांनी ती पुन्हा नांगरून त्यांत जव पेरले, आणि सरकारने तसे करायला बंदी केली. या लेखात आपण त्या शेतांकडे जाणार आहोत.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. वसंत ऋतू म्हटला की आपल्याला आंब्याचा मोहोर, होळी, पाडवा आणि खळ्यावरची रास आठवते. आपल्या रब्बीचा हा शेवट. उत्तर युरोपात याच्या उलट असते. तेथे वसंत म्हणजे कामाची सुरुवात. जमिनीवरचे बर्फ वितळते, माती हळूहळू उबदार होते, आणि मार्च-एप्रिलच्या थोड्याशा आठवड्यांत वर्षाचे निम्मे काम उरकावे लागते. आपल्या जून महिन्यात जी धांदल असते तीच तेथे मार्चमध्ये असते. त्यामुळे पुढची हकिकत वाचताना आपला वसंत बाजूला ठेवून मृगाचा पंधरवडा डोळ्यांपुढे आणला तर ती लवकर समजेल.

पॅरिसभोवतीच्या बोस, ब्री वगैरे सपाट प्रदेशांत त्या काळी तीन तुकड्यांची शेती चाले. गावाच्या जमिनीचे तीन भाग. एका भागात ऑक्टोबरमध्ये हिवाळी गहू किंवा राय पेरायची. दुसऱ्या भागात वसंतात जव, ओट, वाटाणा अशी पिके. तिसरा भाग पड. पुढच्या वर्षी हे भाग फिरवायचे. गव्हाची भाकरी माणसांसाठी आणि तिच्यावरच सारा, दशमांश, खंड यांचा मुख्य भार. ओट घोड्यांसाठी. जव गरिबांच्या भाकरीत आणि जनावरांच्या खाद्यात. वसंतात पेरायच्या या धान्यांना फ्रेंच शेतकरी सरळ ‘मार्स’ म्हणजे ‘मार्च’ असेच म्हणत. आपण मृगाचा पेरा म्हणतो त्यातलाच प्रकार.

पण मार्च उजाडला म्हणून पेरता येत नाही. बर्फ वितळल्यावर जमीन पाण्याने भरलेली असते. चिकण माती ओली असताना नांगरली तर तासाच्या कडा थापल्यासारख्या गुळगुळीत होतात, मातीतल्या हवेच्या वाटा बंद होतात आणि पुढे ऊन लागले की विटेसारखी ढेकळे बनतात. अशा ढेकळांत पेरलेले बी निम्मेही वर येत नाही. म्हणून थांबायचे ते वाफसा येईपर्यंत. आपल्याकडे हा शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो; तिकडचा अनुभवही तोच आहे. मार्चमधला कोरडा वारा हा तेथल्या शेतकऱ्याचा खरा मित्र. त्या महिन्यात उडणाऱ्या मापभर धुळीची किंमत राजाच्या खंडणीएवढी मानणारी एक म्हण इंग्लंडात आहे. धुळीला इतका भाव कसा, असे मुले विचारतात. धूळ उडते म्हणजे वरचा थर सुकला, घोडे शेतात घालता येतात, हे त्याचे उत्तर.

आता १७०९ कडे वळू. पाच आणि सहा जानेवारीच्या दरम्यानच्या रात्री थंडीने एकाएकी पकड घेतली. त्याआधी हवा बरीच मऊ होती. पॅरिसमध्ये लुई मोरँ नावाचा वैद्य १६६५ पासून दररोज तीन वेळा हवेच्या नोंदी करीत असे. त्याच्यासारख्यांच्या वह्यांमुळे आज आपल्याला त्या हिवाळ्याचे चित्र उभे करता येते. तापमापक होते, पण त्यांच्या श्रेणी एकसारख्या नव्हत्या. फॅरनहाइट, रेओम्यूर, सेल्सिअस यांच्या श्रेणी सगळ्या त्यानंतरच्या. आजच्या मापात सांगायचे तर पॅरिसचा पारा उणे २० अंशांच्या आसपास गेला असावा. युरोपच्या पाचशे वर्षांच्या तापमानाची जी पुनर्रचना २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात १७०८-०९ चा हिवाळा सर्वांत थंड ठरला आहे. तो तसा का पडला, यावर सूर्यावरील डागांचा अभाव, ज्वालामुखींचे उद्रेक, पूर्वेकडून आलेले वारे अशी अनेक उत्तरे पुढे आली आहेत. एकावर सर्वांचे मत झालेले नाही आणि आपल्या कथेला त्याची गरजही नाही.

महत्त्वाचे ते पुढे घडले. जानेवारीच्या अखेरीस थंडी ओसरली, बर्फ वितळले. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आणि फेब्रुवारीत ती पुन्हा आली, जवळजवळ पहिल्याइतकीच कडक. मार्चच्या मध्यापर्यंत असे हेलकावे चालू राहिले. सँ-सिमाँ स्पष्ट म्हणतो की सर्वनाश केला तो या दुसऱ्या फेरीने. तो काही शेतीतज्ज्ञ नव्हता, तरी त्याचे हे निदान आजच्या वनस्पतिशास्त्राला पूर्णपणे मान्य होण्यासारखे आहे. कसे ते थोडे विस्ताराने पाहू.

गव्हाचे रोप हिवाळ्यात जमिनीवर चार-पाच पानांचे दिसते. पण त्याचा जीव पानांत नसतो. जमिनीखाली दोन-तीन सेंटिमीटरवर एक लहानसा जाड भाग असतो. आपल्या कृषी खात्याच्या पत्रकांत ‘मुकुटमुळे फुटण्याची अवस्था’ असा उल्लेख येतो, त्यातला हा मुकुट. वाढीचा कोंब आणि पुढच्या फुटव्यांचे डोळे या मुकुटात असतात. सगळी पाने जळून गेली तरी मुकुट जिवंत असेल तर वसंतात रोप पुन्हा उभे राहते. मुकुट मेला तर वर हिरवे पान दिसत असले तरी ते पीक गेलेच.

शरद ऋतूत दिवस हळूहळू थंड होत जातात तेव्हा हे रोप स्वतःला तयार करते. पेशींत साखर साठते, पाणी कमी होते, पेशींच्या पटलांची घडण बदलते. पाणी गोठलेच तर ते पेशींच्या बाहेरच्या फटींत गोठते, आत नाही. पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते आणि पेशी सुकल्यासारखी होते, पण जगते. आत बर्फाचे स्फटिक झाले तर मात्र पटले फाटतात आणि सगळे संपते. अशा रीतीने कणखर झालेला हिवाळी गहू मुकुटाजवळ उणे १५ अंशांच्या आसपासची, आणि काही वाण त्याहूनही कडक थंडी सोसतात. वर बर्फाची दुलई असेल तर आणखी बरे. भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते आणि हवा ही उष्णतेची वाईट वाहक, हे आपण सातवी-आठवीत शिकवतोच. हवेत उणे २० अंश असताना दहा-पंधरा सेंटिमीटर बर्फाखाली मुकुट बऱ्यापैकी सुखरूप असतो.

आता मध्येच आठवडाभर ऊब आली तर काय होते? एक तर दुलई जाते. दुसरे, रोपाला वसंत आल्यासारखे वाटते आणि कमावलेला कणखरपणा ते काही दिवसांत गमावते. पुन्हा थंडी आली तर तो काही अंशीच परत मिळतो. आणि तिसरे, वितळलेल्या पाण्याने जमीन गच्च झालेली असते. हे पाणी गोठताना फुगते, मातीचा थर वर उचलला जातो, त्याबरोबर मुकुट वर ओढला जातो आणि मुळे तुटतात. सखल भागात पाणी साचून त्याचा काचेसारखा घट्ट बर्फ झाला तर रोप श्वासही घेऊ शकत नाही. म्हणजे पहिल्या फेरीत जो गहू बर्फाखाली टिकला असेल तो दुसऱ्या फेरीला उघडा, नाजूक आणि ओल्या जमिनीत सापडला. दक्षिणेकडची ऑलिव्हची झाडे, अनेक ठिकाणचे द्राक्षवेल आणि अक्रोडही त्या हिवाळ्यात मेले. पण ऑलिव्ह नसले तर माणूस मरत नाही.

यात एक गंमत आहे. गोठणे आणि वितळणे यांचा हाच खेळ नांगरलेल्या मोकळ्या जमिनीला फार चांगला. ढेकळांतले पाणी गोठून फुगते, ढेकूळ आतून फुटते, आणि वसंतात माती पेरणीला तयार, रवाळ मिळते. त्यामुळे ज्या थंडीने गहू मारला तिनेच शेजारच्या तुकड्यातली जवाची जमीन तयार करून ठेवली असणार, असे आम्हांला वाटते.

एप्रिल आला. गव्हाच्या शेतांत हिरवे काही दिसेना. आता शेतकऱ्यापुढचा पेच बघा. गहू मेला आहे का? की थंडी लांबल्यामुळे उशिरा फुटेल? थांबावे तर जव पेरण्याचे दिवस निघून जातात. एप्रिलमध्ये पेरलेला जव ऑगस्टपर्यंत तयार होतो. मेच्या अखेरीस पेरला तर उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत दाणा भरण्यापूर्वीच सुकतो. नांगरावे तर जिवंत असलेला गहूही आपल्याच हाताने मारायचा. त्यातून बी हवे. त्या काळी एक माप धान्य पेरले तर चांगल्या जमिनीत पाच-सहा मापे हाती येत. ऑक्टोबरात एक माप गहू मातीत गेलाच होता. आता दुसरे माप जवाचे, आणि तेही घरात चूल पेटायची पंचाईत असताना. जे पेरायचे तेच खाता येते, ही बियाण्याची जुनी अडचण आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा पेच ओळखीचा वाटेल. जूनमध्ये पहिल्या पावसावर पेरणी होते, मग पाऊस दडी मारतो. उगवलेले कोंब माना टाकतात. मोडून दुबार पेरणी करावी की आणखी आठ दिवस वाट पाहावी? बियाण्याचा पैसा एकदा जाऊन चुकलेला असतो. कारण वेगळे, ऋतू वेगळा, पण बांधावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोक्यातला हिशेब तोच.

गव्हाच्या जागी पुन्हा गहूच का पेरला नाही, असे विद्यार्थी हमखास विचारतील. त्याचे उत्तर फ्रान्समधल्या शेतकऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते: हिवाळी गहू वसंतात पेरला तर उगवतो, पाने काढतो, फुटवे काढतो, गवतासारखा दाट होतो आणि ओंबी धरत नाही. असे का, हे कळायला आणखी दोनशे वर्षे लागली. त्याकडे नंतर येऊ.

या वेळी राज्यकर्त्यांनी काय केले? गव्हाची पेरलेली शेते नांगरण्यास मनाई केली. हा आदेश आज वेडेपणाचा वाटतो, पण त्यामागची भीती समजण्यासारखी आहे. पॅरिसची भाकरी गव्हाची. सगळ्यांनी घाबरून शेते मोडली आणि थोडाफार वाचलेला गहूही गेला तर राजधानीला काय खाऊ घालणार? त्यात फ्रान्स स्पेनच्या वारसायुद्धात अडकलेला. सैन्यालाही धान्य हवे. ज्यांनी हुकूम मोडला, किंवा हुकूम पोहोचण्यापूर्वीच शेते उलथी केली, ते शहाणे ठरले. सँ-सिमाँ म्हणतो की जव पेरणारेच सुखी झाले, त्यांनीच तारले, आणि बंदी घालणाऱ्यांना पश्चात्ताप झाला तो फार उशिरा. येथे एक सावधगिरी हवी. सँ-सिमाँने आपल्या आठवणींना अखेरचे रूप दिले ते या घटनेनंतर काही दशकांनी, आणि लुईच्या अधिकाऱ्यांवर त्याचा राग होता. त्याच्या शेऱ्यांना थोडे मीठ लावून घ्यावे. तथापि जवाची गोष्ट त्याच्या एकट्याच्या साक्षीवर उभी नाही. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात जवाचे पीक भरघोस आले, हे फ्रान्सच्या हवामानाचा आणि दुष्काळांचा अभ्यास करणाऱ्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे.

तरीही जी माणसे मेली त्यांची संख्या लहान नाही. भाव ऑगस्टची वाट पाहत नाहीत. शेते काळी दिसताच ते चढू लागले आणि गव्हाची किंमत कित्येक पटींनी वाढली. १७०९ आणि १७१० मिळून फ्रान्समध्ये नेहमीपेक्षा सुमारे ६ लाख अधिक माणसे मेली, असा अंदाज आहे. देशाची लोकसंख्या तेव्हा दोन कोटींच्या थोडी वर होती. १६९३-९४ च्या दुष्काळात मात्र मृत्यूंचा आकडा याच्या दुपटीवर, सुमारे १३ लाख मानला जातो. १६९३ चा हिवाळा असा भयंकर नव्हता. तेथे ओला, थंड वसंत आणि उन्हाळा यांनी पीक खाल्ले, आणि तोपर्यंत दुसरे काही पेरायची वेळ उरली नव्हती. १७०९ मध्ये संकट लवकर आले, ते डोळ्यांना दिसले, आणि वसंतातल्या दुसऱ्या पेरणीची वाट उघडी होती. दोन दुष्काळांतला फरक एवढ्या एकाच कारणाने पडला असे कोणी म्हणणार नाही. व्यापार, रोगराई, धान्याचे शिल्लक साठे हेही मोजावे लागतात. पण जवाचा वाटा त्यात मोठा होता.

गहू मेला की जिवंत आहे हे त्या शेतकऱ्यांना एप्रिलपूर्वी कळू शकले असते का? आमच्या मते, हो. आज थंड देशांत जी साधी चाचणी करतात तिला ना सूक्ष्मदर्शक लागतो ना रसायन. हिवाळ्याच्या अखेरीस शेताच्या निरनिराळ्या भागांतून, उंचवट्यावरून आणि खोलगटातून, काही रोपे मुळांसकट खणून घ्यायची. ती उबदार खोलीत ओलसर ठेवायची आणि आठवडाभर पाहायची. मुकुट जिवंत असेल तर पांढरी नवी मुळे आणि कोवळा कोंब फुटतो. मेला असेल तर तो मऊ पडतो, तपकिरी होतो. चूल आणि ओले फडके १७०९ मध्येही घरोघरी होते. नव्हती ती एकच माहिती, की रोपाचा जीव पानात नसून मातीखालच्या त्या बोटाच्या पेराएवढ्या भागात आहे. काही जाणत्या शेतकऱ्यांनी रोपे उपटून पाहिली असतीलही. बहुधा शेते मोडणारे पहिले लोक तेच असावेत. हा आमचा तर्क आहे, पुरावा नाही.

त्या काळच्या शास्त्रज्ञांना हा प्रश्न दिसला का? लगेच नाही, पण दिसला. रेने रेओम्यूर हा १७०८ मध्येच, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, पॅरिसच्या विज्ञान अकादमीत आला होता. पुढे १७३० मध्ये त्याने आपला तापमापक तयार केला. त्यात पाणी गोठते तो बिंदू ० आणि उकळते तो ८०. हाती भरवशाचे माप आल्यावर त्याने १७३५ मध्ये एक वेगळाच प्रश्न विचारला. एका वर्षी धान्य लवकर पिकते, दुसऱ्या वर्षी उशिरा. तर दोन्ही वर्षांच्या वसंतातली उष्णता मोजून बेरीज केली तर काही मेळ दिसतो का? त्याने दररोजच्या तापमानांची बेरीज करून १७३४ आणि १७३५ या वर्षांची तुलना केली. पीक दिवस मोजत नाही, उष्णता मोजते, ही कल्पना येथे प्रथम अंकांत मांडली गेली.

हिशेब अगदी सोपा आहे. गव्हाला एक नवे पान काढायला शून्य अंशाच्या वरची साधारण १०० ‘अंश-दिवस’ उष्णता लागते. दिवसाचे सरासरी तापमान ५ अंश असेल तर वीस दिवस, १० अंश असेल तर दहा, २० अंश असेल तर पाच. वसंत दोन आठवडे उशिरा आला तर पीक किती मागे पडेल, हे यावरून सांगता येते. आज हवामान खात्यांची पीकसल्ला पत्रके, किडींचे अंदाज, सगळीकडे ही बेरीज वापरतात. अर्थात दिवसाची लांबी, पाण्याचा ताण अशा दुरुस्त्या करून. हे शाळेत करून पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबरात कुंडीत किंवा आवारातल्या वाफ्यात गव्हाचे वीस-पंचवीस दाणे पेरावेत, रोजचे कमाल आणि किमान तापमान मुलांनी लिहावे, दोहोंची सरासरी घेऊन बेरीज करीत जावी आणि नवे पान पूर्ण उघडेल त्या तारखेला खूण करावी. डिसेंबर-जानेवारीत थंडी पडली की पानांमधले दिवस वाढतात, पण बेरीज जवळपास तीच येते, हे मुलांना स्वतःच्या वहीत दिसेल. एखादे पान चुकले, एखादी नोंद राहिली तरी बिघडत नाही. रेओम्यूरचे आकडेही काही फार नेटके नव्हते.

रेओम्यूरच्या मागून त्याच अकादमीतला द्यूआमेल द्यू माँसो १७४० च्या सुमारास आपल्या गावाकडच्या जमिनीवर दरमहा नोंदी ठेवू लागला. वारा, पाऊस, तापमान आणि त्यांच्या शेजारी गहू कसा दिसतो, ओटची पेरणी केव्हा झाली, द्राक्षांना कळ्या कधी आल्या. या नोंदी अकादमी वर्षानुवर्षे छापत राहिली. हवामानाचा तक्ता आणि शेताची डायरी एकाच पानावर आणणारे हे फार आरंभीचे काम. आज ते वाचायला कंटाळवाणे आहे, आणि त्यातच त्याचे मोल आहे.

आता राहिला तो प्रश्न: वसंतात पेरलेला हिवाळी गहू ओंबी का धरत नाही? १८५७ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात क्लिपर्ट नावाच्या कृषी मंडळाच्या चिटणिसाने लिहून ठेवले की, हिवाळी गव्हाचे बी भिजवून, नुकते मोडावर आणून, वसंतापर्यंत गोठणाऱ्या थंडीत ठेवले तर ते वसंती गव्हासारखे वागते. १९१८ मध्ये जर्मनीच्या गासनरने पद्धतशीर प्रयोगांनी हे सिद्ध केले. हिवाळी धान्याला ओंबीच्या वाटेवर जाण्यासाठी काही आठवडे थंडी लागते. ० ते १० अंशांच्या दरम्यानचे पाच-सहा आठवडे बहुधा पुरतात. ही थंडी हिवाळा होऊन गेल्याची खूण म्हणून रोप वापरते. ती मिळाल्याशिवाय नाजूक ओंबी बाहेर काढायची नाही, हा त्याचा नियम. वसंत ठरवायला ऊब पुरेशी नाही हे गव्हाला कळते. १७०९ च्या जानेवारी-अखेरच्या फसव्या उबेने त्याचा कणखरपणा गेला, पण तो ओंबीवर आला नाही, हेही लक्षात घ्यावे. थंडी मोजणारा हा जनुक २००३ मध्ये गव्हाच्या एका जुन्या जातीत वेगळा करून दाखवण्यात आला.

या ज्ञानाचा एक काळा अध्यायही आहे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस युक्रेनमध्ये हिवाळी गहू मोठ्या प्रमाणावर गोठून मेला, तेव्हा त्रोफिम लिसेंको याने बियाण्याला थंडी देऊन ते वसंतात पेरण्याची युक्ती सोव्हिएत सरकारपुढे ठेवली. युक्ती जुनीच होती. शेतावर टनावारी बी भिजवून, थंड ठेवून, सडू न देता पेरणे किती कठीण, हे कोणीही शेतकरी सांगू शकला असता. लिसेंकोने तीतून भरघोस उत्पन्नाचे दावे केले आणि पुढे असा बदल आनुवंशिक होतो असेही म्हटले. सरकारला झटपट उत्तर हवे होते. जनुकशास्त्राची बाजू धरणारा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह १९४० मध्ये पकडला गेला आणि जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात मेला.

आपल्या मातीतला गहू मात्र या नियमातून सुटलेला आहे. आपण तो नोव्हेंबरात पेरतो, हिवाळ्यात वाढवतो, तरी शास्त्राच्या भाषेत तो ‘वसंती गहू’. त्याला ओंबीसाठी कडक थंडी लागत नाही. लागली असती तर दख्खनच्या पठारावर गहू पिकलाच नसता. बियाण्याला शीतकपाटात ठेवून ओंबी लवकर आणण्याचा प्रयोग एखाद्या उत्साही विद्यार्थ्याने आपल्या वाणावर केला तर फारसा फरक दिसणार नाही. शिक्षकांनी तो करू द्यावा आणि मग कारण विचारावे. आपल्या गव्हाला घात होतो तो वसंताच्या दुसऱ्या टोकाला, दाणा भरताना पारा चढला की. मार्च २०२२ मध्ये भारताचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या कोणत्याही मार्चपेक्षा अधिक होते. उत्तरेत दाणा बारीक राहिला आणि १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली.

१७०९ सारखा पेच आजच्या काळात पुन्हा आला का? २००३ मध्ये युक्रेनमध्ये आला. २००२-०३ च्या हिवाळ्यात तेथे बर्फाचा घट्ट थर आणि थंडी यांनी हिवाळी गव्हाचा बहुतेक पेरा मारला. या वेळी शेतकऱ्यांना मुकुट तपासता येत होता, कोणी नांगरायला बंदी केली नाही, आणि वसंतात जव, मका, सूर्यफूल अशी दुबार पेरणी फार मोठ्या क्षेत्रावर झाली. पण १७०९ चा वसंत जवाला मानवला होता, तसा हा मानवला नाही. पाऊस पडला नाही, जमीन कोरडी राहिली. गव्हाचे उत्पादन आदल्या वर्षीच्या २ कोटी टनांवरून ३६ लाख टनांवर आले, आणि जवही १ कोटी टनांवरून ७० लाख टनांच्या खाली घसरला. धान्याचे कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या देशाला त्या वर्षी गहू बाहेरून आणावा लागला.